दूध काढणाऱ्याचा नंबर आधी

६ फेब्रुवारी

वकीलबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. "मिसेस पॅस्को, रोजचं लिहीत जा. झोप किती लागली, जेवलात का, कुठे अडलं. दाव्यात उपयोगी पडतं." त्यांचं नाव ॲन्थिया कुरिस. माझ्या मुलीच्या वयाच्या. मला मुलगी नाही, पण असती तर एवढी असती. त्यांचं ऑफिस मेलबर्नला सतराव्या मजल्यावर आहे आणि मला नेमकी खिडकीजवळची खुर्ची देतात.

तर: झोप चार तास. जेवण टोस्ट, दोनदा. कुठे अडलं: केलच्या बाजूची उशी मी अजून हलवलेली नाही.

मी ग्लेनिस पॅस्को, वय अडुसष्ट. टॅरिन गावात राहते. माझा नवरा केल्विन गेल्या ऑक्टोबरात गेला. पोटात कॅन्सर आहे म्हणून मेलबर्नच्या सर्जननी त्याचं अख्खं जठर काढलं. आतला जोड भरून आला नाही. पू झाला, पुन्हा उघडलं, पुन्हा शिवलं. ब्याण्णव किलोचा माणूस, सहा महिन्यांत मी एकटी त्याला उचलून टबात बसवायला लागले. आणि कॅन्सर नव्हताच. हे मी म्हणते. अजून दुसरं कोणी म्हणत नाही.

"या दाव्यातून तुम्हाला नेमकं काय हवंय?" वकीलबाईंनी विचारलं.

"एक वाक्य. केल्विन पॅस्कोला कॅन्सर नव्हता. कागदावर, सहीसकट."

"बहुतेक माणसं पैसे म्हणतात."

"पैशाने मी काय करू? घराला नवं छप्पर घालू?" असं म्हणून आले खरी. येताना गाडीत आठवलं की छप्पर गळतंच आहे.

८ फेब्रुवारी

मला हे कुठून कळलं तेही लिहून ठेवावं.

मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली. त्यानंतर जे काही शिकले ते लायब्ररीच्या गाडीतून. दर दुसऱ्या मंगळवारी ती अग्निशमनच्या शेडपाशी उभी राहते. केल म्हणायचा, "हिचं लग्न माझ्याशी झालंय, पण पळून जाईल त्या गाडीबरोबर."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सर्जन खाटेपाशी आले. म्हणाले, बातमी उत्तम आहे, काढलेल्या जठरात कॅन्सर औषधालासुद्धा सापडला नाही. अगदी बारीक होता, बायोप्सीच्या चिमट्यातच निघून गेला असावा. फार लवकर पकडलात. आम्ही दोघं रडलो. शेजारचा मर्व डनवूडी दोन तास गाडी चालवून आला, थर्मासमधून शॅम्पेन लपवून घेऊन. केलला पिणं शक्य नव्हतं. मर्वने बोट बुडवून त्याच्या ओठांना लावलं. "वासराला लावतो तसं लावलंय, चाट," म्हणाला.

केल गेल्यावर डिसेंबरात मी त्याची कागदपत्रं आवरत होते. त्यात लॅबचा अहवाल होता. गाडीतून वैद्यकीय शब्दकोश आणला आणि तो तीनदा नव्याने नोंदवून घेतला. जठराचे एक्केचाळीस तुकडे करून एकूण एक पाहिले होते. एकातही काही नव्हतं. अगदी शेवटी एक ओळ होती: मूळ बायोप्सी याच रुग्णाची असल्याची खात्री करून घ्यावी. ती खात्री कोणी करून घेतली नाही. सर्जननी नाही, लॅबने नाही, टॅरिनच्या दवाखान्याने नाही. मी ती ओळ वाचत बसले आणि चुलीवरची किटली करपली.

१२ फेब्रुवारी

मर्व जळण टाकून गेला. न सांगता येतो, न सांगता रचतो. आमची कुरणं लागून आहेत. चाळीस वर्षांत कुंपणावरून एकदाच भांडण झालं, तेही बैलाचं होतं.

लाकडं उतरवताना दोनदा टेकला. पँट सारखी वर ओढत होता. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलंय, वाकडं.

"आयलीन उपाशी ठेवते की काय?"

"म्हातारपणी देखणा होतोय, ग्लेन. जळू नकोस."

आयलीन त्याची बायको. माझी मैत्रीण म्हणायची. पण खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते: गेल्या चार महिन्यांत मला तिच्याकडे बघवत नाही. एकाच दिवशी दोघींच्या नवऱ्यांची तपासणी झाली. तिच्या नवऱ्याला साधा अल्सर निघाला आणि गोळ्या मिळाल्या. माझा टेकडीवरच्या स्मशानात आहे. आणि ती मला विचारते, "नीट खातेस ना गं?"

१५ फेब्रुवारी

वकीलबाईंचा फोन. तपासणीचा तो बुधवार आठवेल तसा सगळा लिहून पाठवा म्हणाल्या, फालतू वाटलं तरी वगळू नका.

गेल्या वर्षी ९ मार्च. टॅरिनच्या दवाखान्यात पोटाचा डॉक्टर महिन्यातून एकदाच येतो, बुधवारी. तोंडातून दुर्बीण घालतो, चिमट्याने तुकडे काढतो आणि संध्याकाळी परत जातो. त्या दिवशी यादीत पाच जण होते. केलला वर्षभर छातीत जळजळ होत होती. त्याचा नंबर दुसरा, मर्वचा तिसरा. पहिल्या बाईंना फार वेळ लागला. दीड वाजून गेला. मर्व घड्याळाकडे बघत मांडी हलवत होता. तीन वाजता त्याच्या गाई शेडपाशी येऊन उभ्या राहतात आणि त्या दिवशी गडी रजेवर होता.

आमच्याकडे रीतच आहे. डॉक्टरचा बुधवार असो की न्हाव्याचं दुकान, ज्याला दूध काढायचंय त्याला आधी सोडतात. केलने गुडघ्यांपायी दोन वर्षांपूर्वी गाई विकल्या, पण त्याआधी तीस वर्षं त्यालाही लोकांनी असंच पुढे सोडलं. मीच केलला ढोपराने ढोसलं. "अरे, मर्वला जाऊ दे की आधी. तुला घरी जाऊन काय करायचंय, झोपायचंच ना?" केल म्हणाला, "जा रे, तुझ्या बायका खोळंबल्यात." मर्व गाईंना बायका म्हणतो. मर्व आत गेला. मग केल. चारला घरी आलो. केलचा घसा दुखत होता, त्याला कस्टर्ड करून दिलं.

आणखी काही आठवत नाही. हेच वकीलबाईंना पाठवलं. बैलाचं भांडण लिहिलं नाही.

९ मार्च

वर्ष झालं. कोणाशी बोलले नाही. कस्टर्ड केलं आणि टाकून दिलं.

२१ मार्च

मेलबर्नला बैठक होती. लांब टेबल. समोर लॅबच्या विमा कंपनीचा वकील, राखाडी सूट, घड्याळ फार मोठं. त्याने आधी सहानुभूती व्यक्त केली. कागदावरून वाचून केली. मग म्हणाला, बायोप्सीचा काचेवरचा नमुना तीन तज्ज्ञांनी पाहिला आहे, तो कॅन्सरच आहे, यात कोणाचंही दुमत नाही. त्याअर्थी श्री. पॅस्को यांना कॅन्सर होता.

मी म्हटलं, "काचेवर आहे. पण ती काच कोणाची?"

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, ॲन्थियाबाईंकडे पाहिलं. खुर्चीत मांजर बोललं असावं तसं.

आमची मागणी एवढीच, की काचेवरचा तुकडा आणि केलचं काढलेलं जठर दोन्हींची डीएनए तपासणी करावी. दोन्ही लॅबमध्ये अजून जपून ठेवलेलं आहे. विचार करून सांगतो म्हणाले. जेवणाच्या सुट्टीनंतर तपासणीऐवजी तडजोडीची रक्कम पुढे आली. चांगली रक्कम होती. अट अशी, की तपासणीची मागणी मागे घ्यायची आणि यावर कुठेही, कधीही बोलायचं नाही.

बाहेर व्हरांड्यात ॲन्थियाबाई म्हणाल्या, "माझं काम आहे म्हणून सांगते, नीट विचार करा. तपासणी उलटली तर हातात काही उरणार नाही."

"आणि ते वाक्य? ते देतायत का?"

"नाही. उलट तेच न देण्यासाठी पैसे देतायत."

"मग नको."

त्या हसल्या. त्यांना बरं वाटलं असं मला वाटलं.

९ एप्रिल

ईस्टर. आयलीनने जेवायला बोलावलं. जायचं नव्हतं, गेले. मेंढीची तंगडी, भाजलेला भोपळा, पुदिन्याची चटणी. मर्वने ताटात घेतलं, चिवडलं, आणि टेबलाखाली कुत्र्याला दिलं. मी पाहिलं. मला राग आला. केल शेवटी एकेक चमचा रस्सा मोजून प्यायचा, हुंदका दिल्यासारखा गिळायचा. आणि इथे धडधाकट माणूस असलं मटण कुत्र्याला घालतोय.

"आवडलं नाही वाटतं?" मी तोंडावर विचारलं.

आयलीन म्हणाली, "त्याचं दातांचं चाललंय. किती दिवस सांगतेय दाखवून ये, ऐकतो का!"

"दोन घासांतच पोट भरतं हल्ली," मर्व म्हणाला. "स्वस्तात पडतो मी आयलीनला."

"तू स्वस्तात कधीच पडला नाहीस," आयलीन म्हणाली. सगळे हसले. मीही हसले असेन.

निघताना मर्वने फाटकापाशी विचारलं, "ग्लेन, ते शहरातले ऐकतायत का?"

"ऐकतील."

"सोडू नकोस त्यांना. केलला कॅन्सर असता तर मला कळलं असतं. रोज बघत होतो मी त्याला." मग खोकला आणि फाटकाला धरून बराच वेळ उभा राहिला.

२० एप्रिल

लॅब तपासणीला तयार झाली. निकाल दोन आठवड्यांत.

ब्रॉन आली होती, चहाबरोबरचे स्कोन भाजून घेऊन. ब्रॉन टॅरिनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होती. जानेवारीत अचानक नोकरी सोडली. गुडघे गेले म्हणते. केल गेल्यापासून दर गुरुवारी काहीतरी करून आणते. इतकं, की मला कंटाळा येतो.

मी तिला तपासणीचं सांगितलं आणि सहज विचारलं, "पोटातले तुकडे ठेवायच्या त्या डब्यांवर तुम्ही नावं केव्हा लावायचात गं?"

"सकाळीच." चहा ढवळत म्हणाली. "यादी आली की त्या क्रमाने लेबलं चिकटवायची आणि डब्या ट्रेमध्ये ओळीने मांडून ठेवायच्या. मग एक पेशंट झाला की एक डबी उचलायची. बुधवारी श्वास घ्यायला वेळ नसतो, ग्लेन. नियम आहे पेशंटला नाव विचारायचा, जन्मतारीख विचारायची. पण मी केलला नाव विचारू? माझ्या लग्नात तो अकॉर्डियन वाजवत होता. मर्वला विचारू? तो हसून लोळला असता. मी तर त्याच्याशी गाईंचंच बोलत..."

तिथेच थांबली. खिडकीतून मर्वच्या कुरणाकडे बघत राहिली. चमचा हातातच.

"काय झालं?"

"गुडघा," म्हणाली. चहा अर्धा टाकून गेली. स्कोनचा डबाही विसरली.

तिचं बरं नाही दिसत. तिलाही कोणीतरी बघायला हवं.

४ मे

आलं. ॲन्थियाबाईंनी स्वतः फोन केला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.

"मिसेस पॅस्को, तुमचं बरोबर होतं. काचेवरचा तुकडा तुमच्या नवऱ्याचा नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाक्य?"

"मिळेल. आता त्यांना द्यावंच लागेल."

मी बाहेर अंगणात जाऊन मोठ्याने म्हटलं. केल्विन पॅस्कोला कॅन्सर नव्हता. केल, तुला कॅन्सर नव्हता. कोंबड्या पळाल्या. मग आत येऊन त्याची उशी उचलली आणि तोंडावर दाबून ओरडले. आनंद म्हणावा असं त्यात काहीच नव्हतं. धडधाकट माणसाला सोलून, रिकामा करून मारलं, आणि बक्षीस काय मिळालं तर मी म्हणत होते ते खरं होतं.

दुपारी भांडी घासताना मनात आलं: पण मग तो तुकडा कोणाचा?

मग हात पुसून ही वही काढली, वाचायला. १५ फेब्रुवारी. मग २० एप्रिल. मग ९ एप्रिल. मग १२ फेब्रुवारी.

मघापासून इथे बसले आहे. डब्या ओळीने होत्या. दुसरी डबी केलची. दुसरा आत गेला मर्व.

मीच केलला ढोसलं होतं.

५ मे

ॲन्थियाबाईंना फोन केला, ऑफिस उघडायच्या आत. सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

"लॅबला कळवलं आहे. त्या दिवशीच्या सगळ्या पेशंटांना ते स्वतः गाठतील. त्यांची पद्धत आहे. दोन आठवडे, फार तर तीन."

"तीन आठवडे?"

"तुम्ही कोणाशी बोलू नका. तुमचा अंदाज चुकला तर एका माणसाला फुकट मारून टाकाल. आणि हे प्रकरण अजून मिटलेलं नाही, ते वाक्य अजून तुमच्या हातात नाही. आज तुम्ही बोललात तर ते सही लांबवतील. कदाचित महिनोन् महिने. मला हे तुम्हाला सांगावंच लागतं."

"तुमचे वडील असते तर?"

"मिसेस पॅस्को, मला असं विचारू नका."

फोन ठेवला. त्या बुधवारला चौदा महिने झालेत. लॅबच्या पद्धतीपेक्षा मर्वच्या पट्ट्याला जास्त कळत होतं.

साडेतीनला गेले. शेडमध्ये यंत्रं चालू होती. मर्व दूध काढायच्या खोल खड्ड्यात उभा होता, दोन्ही बाजूंना गाईंचे मागचे पाय. त्याच्या बरगड्या शर्टातून मोजता येत होत्या. आज दिसल्या.

"बरं झालं गमबूट घालून आलीस! बायकांची पोटं बिघडलीत आज!"

"यंत्र बंद कर, मर्व!"

"काय?"

"बंद कर!"

"अर्धी रांग लागलीय! बोल ना, ऐकतोय!"

म्हणून मला ते ओरडून सांगावं लागलं. अशी गोष्ट. "केलला नव्हता! निकाल आला! तो तुकडा त्याचा नव्हता!"

त्याने दोन्ही हात वर केले. चेहरा फुलला. "सांगत नव्हतो मी? सांगत नव्हतो तुला?"

"मर्व, त्या दिवशी आधी तू आत गेलास!"

"हो, गाई होत्या ना!"

"डब्यांवर नावं आधीच लावली होती! यादीच्या क्रमाने!"

त्याचे हात थांबले नाहीत. एका गाईच्या सडांवरचे यंत्राचे कप काढले, सड पुसले, पुढच्या गाईला लावले. तिला लावले, मग तिच्या पुढचीला. रांगेच्या शेवटच्या गाईपर्यंत गेला. मग हात वर करून खटका दाबला आणि सगळं बंद झालं. गाई चमकल्या.

"म्हणजे जठर माझं काढायला हवं होतं," म्हणाला.

"असेल. नक्की नाही. मेलबर्नला जाऊन तपासणी कर. उद्याच जा."

"केल माझ्या नंबरावर गेला."

"मीच त्याला मागे बसवलं."

"तू कशाला? मीच मागितला होता नंबर."

त्याने मागितला नव्हता. मला चांगलं आठवतं, मागे लिहिलंही आहे.

"आयलीनला मी सांगतो," तो म्हणाला. "ही रांग होऊ दे. तेवढं फाटक उघड गं." मी उघडलं. आठ गाई मला घासून बाहेर गेल्या.

२३ मे

मेलबर्नच्या डॉक्टरांनी पोटात छोटं भोक पाडून कॅमेऱ्याने पाहिलं. मर्वचा कॅन्सर आतल्या आवरणभर पसरलाय, भात सांडावा तसा. ऑपरेशनचा उपयोग नाही. गेल्या मार्चमध्ये असता तर काढता आला असता का, हे आयलीनने विचारलं. डॉक्टर म्हणाले, आता तो प्रश्न स्वतःला विचारू नका.

लॅबचं पत्र मर्वला काल आलं. त्याला तपासणीसाठी वेळ ठरवायची विनंती केली आहे. सोयीच्या वेळी.

३० मे

आयलीन आली. दार वाजवलं नाही, चाळीस वर्षांत कधी वाजवलेलं नाही. पण बसली नाही.

"त्याने वकील केलाय. आमचा वकील विचारतोय, कोणाला काही दिसलं होतं का. वजन, खाणं. मी रोज बघते ना, मला कळलंच नाही. दात, दात करत बसले." मग म्हणाली, "तुझी नजर तर सगळीकडे असते, ग्लेन. तुला काही दिसलं होतं?"

"नाही," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली आणि गेली.

३ जून

ब्रॉन दारात आली होती. मी आतून पाहिलं, दार उघडलं नाही. एप्रिलमध्ये माझ्या टेबलाशी बसून तिला कळलं होतं, आणि ती गप्प राहिली. की त्याआधीच कळलं होतं, जानेवारीत, नोकरी सोडली तेव्हा? दोन आठवडे मर्वचे होते ते. तिने ते चहासारखे अर्धे टाकले.

पायरीवर मटण भरलेली पाई ठेवून गेली. मला ती कोंबड्यांना घालायची होती.

मग आठवलं, मी काय कमी पाहिलं होतं? तिने एकदा पाहिलं. मी दोनदा पाहिलं आणि लिहूनसुद्धा ठेवलं. एकदा थट्टा केली, एकदा रागावले.

११ जून

वाक्य आलं. लॅबच्या शिक्क्याच्या कागदावर, दोन सह्या. कै. श्री. केल्विन जॉर्ज पॅस्को यांना कर्करोग नव्हता. खाली खेद.

कोणाला वाचून दाखवू? मर्वकडे गेले. आता तो खिडकीशी पलंगावर असतो. गाई विकल्या, मंगळवारी ट्रक येऊन घेऊन गेला. शेड धुऊन स्वच्छ केली आहे आणि तीन वाजले की तो अजून उठून बसतो.

"मोठ्याने वाच," म्हणाला.

मी वाचलं. आयलीन खोलीतून निघून गेली.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"छान," म्हणाला. "स्पष्ट लिहिलंय. कै. श्री. म्हटलेलं बघून तो खूश झाला असता." मग डोळे मिटून, "त्याला त्या दिवशी भूक लागली होती गं. सकाळपासून उपाशी होता. तरी मला पुढे सोडलं."

मी कागदाची घडी घातली.

घरी आल्यावर ॲन्थियाबाईंचा फोन. अभिनंदन वगैरे. मग आवाज बदलला. "ती वही. तुमचं प्रकरण आता बंद झालं. डनवूडींचं मी घेऊ शकत नाही, दुसरे वकील आहेत. ते तुमच्याकडे वही मागतीलच असं नाही. वही तुमची आहे. तिचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

त्यांचं म्हणणं कळलं मला. चूल पेटलेलीच होती.

वही घेऊन चुलीपाशी बसले आणि पहिल्यापासून वाचली. मी आयुष्यभर वाचत आले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या अहवालातली एक ओळ शोधली म्हणून मला अभिमान होता. इतक्या जणांना ती दिसली नाही म्हणून मी त्यांना काय काय म्हटलं. माझ्या स्वतःच्या अक्षरात, माझ्याच टेबलावर, दोन ओळी पडल्या होत्या, आणि मला काय दिसलं? की आयलीनचा नवरा जिवंत आहे.

चुलीचं दार लावलं.

झोप: लागणार नाही. जेवण: ब्रॉनची पाई, आजच फ्रीजरमधून काढली, अर्धी खाल्ली. कुठे अडलं: "नाही" म्हटलं तिथे.

उद्या सकाळी ही वही घेऊन येते आहे, आयलीन. हात पुढे केला नाहीस तरी टेबलावर ठेवून जाईन. तुझ्या वकिलाला दे. त्याला जे वापरायचं ते वापरू दे, माझ्याविरुद्धसुद्धा. तुझ्याबद्दल मी जे वाईट लिहिलंय तेही खरंच आहे. ते मी खोडलेलं नाही. मर्वला दाखवू नकोस, किंवा दाखव, तुझं तू ठरव.

पट्ट्याचं भोक १२ फेब्रुवारीला आहे. तिथून वाच.